नव्या टाइल्सचे सांधे: भरायला काय लागतं, पुसायला काय लागतं?

जास्वंदी

नमस्कार मंडळी. नाशिकला आमच्या जुन्या फ्लॅटचं काम काढलंय आणि फरशी आता संपत आलीय. हॉलमध्ये २ बाय ४ च्या ग्लॉसी व्हिट्रिफाइड, आयव्हरी रंगाच्या, सांधा २ मिमी. बाथरूमला खाली १ बाय १ च्या मॅट टाइल्स, तिथे ३ मिमीचे स्पेसर (दोन टाइल्समध्ये अंतर राखणारे प्लास्टिकचे तुकडे) टाकून घेतलेत. (मिस्त्री म्हणत होते, "पेपर जॉइंट करू ताई, रेषाच दिसणार नाही." त्यावरून चांगलीच चकमक झाली, पण मी हटले नाही.)

मिस्त्री लेव्हलच्या बाबतीत देवमाणूस आहेत. टाइल ठोकून बघतात, पोकळ आवाज आला तर न सांगता स्वतःच उचलतात. पण सांध्यांचा विषय काढला की एकच उत्तर: "व्हाइट सिमेंट लावू, चिंधीने पुसू आणि शेवटी ॲसिड मारून देतो, चकाचक." ते ॲसिड ऐकून माझ्या पोटात गोळा येतो. शेजारच्या विंगमध्ये असंच चकाचक केलेलं बाथरूम पाहिलंय. सांधे खरबरीत झालेत आणि नाहणी ट्रॅपच्या स्टीलच्या जाळीवर तांबूस डाग पडलेत.

ऑनलाइन बघितलं तर ग्राउटिंग किट (ग्राउट म्हणजे सांध्यात भरायचा माल) म्हणून काय काय विकतात. रबरी थापी, निळा स्पंज, चाकाचं खरवडणं, पाइपिंगची पिशवी, रोलरवाली बादली. यातलं नेमकं काय घ्यायचं? पैशांपेक्षा माळ्यावर आणखी अडगळ नको ही काळजी जास्त आहे. आणि सिमेंटचं ग्राउट घ्यावं की इपॉक्सी?

टोमणेसम्राट

तुमच्या मिस्त्रींनी निदान पुसू तरी म्हटलं. आमचे म्हणाले होते, "वापरात आलं की आपोआप निघतं."

ओळंबा

जास्वंदीताई, साइट सुपरवायझर म्हणून आयुष्य गेलं, म्हणून जरा लांबण लावतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा. टाइलवरचा पांढरा थर ही नंतरच्या सफाईची भानगड नसतेच. तो भरतानाच्या तासाभरात तयार होतो, जास्त पाण्याने आणि उशिरा पुसल्याने. तो तास सांभाळला तर ॲसिडची बाटली उघडायची वेळच येत नाही. त्यामुळे हत्यारांचा खर्च भरण्याच्या वेळच्या वस्तूंवर करा, नंतरच्या केमिकलवर नको.

भरण्याआधी: टाइल ॲडेसिव्हने चिकटवली असेल तर किमान २४ तास जाऊ द्या. सिमेंट-वाळूच्या मालावर बसवली असेल तर आणखी काही दिवस, खालचा ओलावा बाहेर पडायला हवा. लेव्हलिंग क्लिप (टाइल्स एका पातळीत धरणाऱ्या) लावल्या असतील तर रबरी हातोडीने सांध्याच्या दिशेनेच टोला द्यायचा, आडवा दिला तर टाइलची कड उडते. स्पेसर सगळे उपसून काढा. काही मिस्त्री ते आत दाबून वरून माल लावतात, मग त्या जागी माल पातळ राहतो आणि वर्षभरात ठिपके दिसतात.

मग सांधा मोकळा करा. टाइलच्या जाडीच्या निदान दोन तृतीयांश खोली रिकामी हवी. ९ मिमीची टाइल असेल तर ६ मिमी. वर आलेला ॲडेसिव्ह ओला असतानाच काढला तर लाकडाच्या काडीनेही निघतो, वाळला की हेक्सा ब्लेडचा तुकडा नाहीतर कटर घेऊन बसावं लागतं. शेवटी व्हॅक्यूम क्लीनर. घरातला चालतो, पण पिशवी बदलून घ्या. झाडूने धूळ उलट सांध्यात जाते.

भरायला: रबरी थापी. हीच मुख्य वस्तू, हिच्यावर कंजूषी नको. लोखंडी पत्रीने ग्लॉसी टाइलवर काळ्या रेघा उमटतात आणि माल सांध्यात दाबला जात नाही, नुसता वरून फिरतो. थापी साधारण ४५ अंशांत धरून माल आत रेटायचा, मग जवळजवळ उभी करून वरचा जादा माल ओढून घ्यायचा. ओढताना नेहमी तिरपं, सांध्याला कर्ण करून. सांध्याच्या रेषेत ओढलीत तर थापीची कड आत बुडते आणि माल उपसला जातो. थापीने जितका जास्त माल ओढून घ्याल तितकं पुसायचं काम कमी. बहुतेक लोक इथे आळस करतात आणि त्याची भरपाई पाण्याने करतात.

पुसायला: मोठा, बारीक छिद्रांचा, गोल कडांचा स्पंज. भांडी घासायचा चौकोनी नको, त्याची कड सांधा खणते. आणि दोन बादल्या. एकीत स्पंज खळबळायचा, दुसरीत स्वच्छ पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा. पिळल्यावर थेंब टपकला तर पुन्हा पिळा.

कधी पुसायचं, याला घड्याळ नाही. साधारण १५ ते ३० मिनिटं धरा, पण खरी खूण बोटाची. सांध्यावर बोट ठेवा. बोटाला माल चिकटत नसेल आणि दाबल्यावर अगदी हलका ठसा उमटत असेल तर वेळ झाली. चिकटला तर थांबा. ठसाच उमटला नाही तर उशीर झालाय, धावा. एका वेळी पाच-सहा टाइल्सच भरायच्या. पूर्ण हॉल भरून मग मागे वळून पुसायला लागलं की जेथून सुरुवात केली तिथलं दगड झालेलं असतं.

मिश्रणही सांगतो. आधी पाणी, मग त्यात पावडर, पाकिटावर लिहिलेल्या मापाने. कालवून ५-१० मिनिटं ठेवा, पुन्हा एकदा ढवळा, मग वापरा. घट्ट व्हायला लागलं म्हणून वरून पाणी घालायचं नाही. ड्रिलला पंखा लावून ढवळणार असाल तर अगदी हळू फिरवा, नाहीतर हवा शिरते आणि वाळल्यावर सांध्यात टाचणीएवढी भोकं दिसतात.

बाकी किटमधलं चाकाचं खरवडणं, पाइपिंगची पिशवी वगैरे तुमच्या कामाला नको.

जास्वंदी

ओळंबाकाका, साष्टांग दंडवत. प्रिंट काढून मिस्त्रींच्या पिशवीत टाकते.

पारंबी

धागा छान. पिशवीबद्दल एक भर. भिंतीला खडबडीत दगडी क्लॅडिंग किंवा विटेसारख्या टाइल्स असतील तर ती पिशवी लागतेच. तिथे थापीने लावलं तर खडबडीत पृष्ठभागात शिरलेलं ग्राउट जन्मात निघत नाही. आमच्या नागपूरच्या मिस्त्रींनी दुधाच्या रिकाम्या पिशवीचा मेंदीच्या कोनासारखा कोन केला आणि सांध्यात सरळ रेघ ओढत गेले, मग बारीक सळईने दाबलं. विकतची पिशवी बघितलीसुद्धा नाही त्यांनी.

आता इपॉक्सी. बाथरूमला जरूर करा. पाणी शोषत नाही, हळदीचा-साबणाचा डाग धरत नाही, सीलर (सांध्याने पाणी पिऊ नये म्हणून वरून मारायचं द्रावण) मारायची कटकट नाही. पण ते सिमेंटपेक्षा रागीट. रेझिन, हार्डनर आणि पावडर असे तीन भाग येतात, मिसळले की उलटी मोजणी सुरू. डब्यावर पाऊण तास-तासभर लिहिलेलं असतं, ते साधारण २५ अंशांच्या आसपासचं. आमच्याकडे मे महिन्यात विचारूच नका. इथे लोक रेझिन-हार्डनर आदल्या रात्रीपासून थंड खोलीत ठेवतात आणि काम पहाटे उरकतात. आणखी एक, मिसळलेला गोळा डब्यात तसाच ठेवायचा नाही. ढिगात स्वतःच्याच उष्णतेने तो तापतो आणि लवकर घट्ट होतो. घमेल्यात किंवा टाइलवर पसरून ठेवा.

टोमणेसम्राट

म्हणजे नागपुरात फरशी भाजून निघते, ग्राउट शिजतं आणि मिस्त्री करपतो.

मिस्त्रीचापोर

वाचतोय कधीपासून. माझे वडील फरशी बसवायचे, मोठा भाऊ अजूनही बसवतो. मिस्त्री लोकांना नावं ठेवणं सोपं आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो.

रेट स्क्वेअर फुटावर ठरतो. सांधे भरणं आणि पुसणं त्याच रेटमध्ये धरलेलं असतं. म्हणजे मालकाच्या हिशेबात ते फुकट. मग ज्याचे पैसे नाहीत ते काम बिगाऱ्याकडे जातं, तेही शेवटच्या दिवशी संध्याकाळी, टेम्पो खाली उभा असताना. त्याच्या हातात मालक काय देतो? जुनी बनियन. पाणी कुठून आणायचं? पाचव्या मजल्यावर टाकी जोडलेली नसते, लिफ्टला पत्रे मारून ठेवलेले असतात. तुम्ही म्हणता दोन बादल्या घ्या. तो एक बादली दिवसभर पुरवतो, ती दुधासारखी... (नको, पारंबीताईंचा कोन पुरे) ती पांढरी होते, आणि तेच पांढरं पाणी सगळ्या घरभर लागतं. तोच तुमचा थर. मग मालक ओरडतो, मग ॲसिड येतं.

चिंधीबद्दल ओळंबाकाका बोलले नाहीत ते मी सांगतो. चिंधी सांध्यात शिरते आणि वरचा माल ओढून नेते. सांधा टाइलच्या खाली जातो, तिथे पाणी साचतं, काळं पडतं. स्पंज वरच्या वर सरकतो. फरक एवढाच, पण पुढची सगळी वर्षं दिसतो.

ताई, माझं ऐकाल तर सांधे भरण्याचे पैसे वेगळे ठरवा. वेगळे म्हणजे वेगळे, त्याच दिवशी रोख. थापी, स्पंज, बादल्या, हातमोजे तुम्ही आणून द्या आणि नळाला पाणी असेल एवढं बघा. तोच मिस्त्री तुम्हाला शोरूमसारखं काम करून देईल. माझा भाऊ वेगळा रेट मिळाला की बिगाऱ्याला हातही लावू देत नाही.

ओळंबा

मिस्त्रीचापोर, अगदी बरोबर. कंत्राटात सांध्यांची वेगळी ओळ असायला हवी हे आम्ही मोठ्या साइटवर करायचो, घरगुती कामात कुणी करत नाही.

खारेवारे

रत्नागिरीहून. आमच्याकडे विहिरीचं पाणी जरा मचूळ. त्याच पाण्यात ग्राउट कालवलं की वाळल्यावर सांध्यांवर पांढरी भुकटी येते. पुसली की जाते, दमट हवा सुटली की परत येते. ती राहिलेल्या ग्राउटची नव्हे, क्षारांची असते, त्यामुळे कितीही घासा. कालवायला आणि शेवटच्या पुसण्याला प्यायचं पाणी वापरा. एवढ्या कामाला लागतं किती? दोन कळशा.

पावसाळ्यात करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या की इथे बोटाची परीक्षा अर्ध्या तासानेही पास होत नाही. घाई केली तर रंग वाहून जातो. गडद रंगाच्या ग्राउटला तर फारच. पंखा लावून वाळवू नये, वरची साल वाळते आणि आतलं ओलं राहतं.

मेपलपान

टोरांटोहून. इथे मजुरी परवडत नाही म्हणून निम्मं मराठी मंडळ स्वतःच्या बाथरूममध्ये गुडघ्यावर बसलेलं असतं, त्यामुळे थोडा अनुभव.

रोलरवाली बादली मोठ्या कामाला खरंच छान. पायाने किंवा हाताने रोलरमधून स्पंज ओढला की तो दर वेळी सारखाच पिळला जातो. पण एका बाथरूमसाठी घेऊ नका, ओळंबाकाकांच्या दोन बादल्या पुरतात.

स्पंजची युक्ती: एक बाजू, एकच ओढ. तिरपं ओढायचं, उलटायचं, दुसऱ्या बाजूने आणखी एक ओढ, मग बादली. तीच बाजू दुसऱ्यांदा टेकवली की जे उचललं ते परत पसरलं.

दुसरं, जास्वंदीताईंच्या ग्लॉसी टाइल्ससाठी महत्त्वाचं. सिमेंट ग्राउट दोन प्रकारचं मिळतं, वाळू असलेलं आणि बिनवाळूचं. ३ मिमीपर्यंतच्या सांध्याला बिनवाळूचं, त्याहून रुंदाला वाळूचं, नाहीतर आकसून तडे जातात. वाळूचं ग्राउट ग्लॉसी टाइल, काच किंवा मार्बलवर थापीने रगडलं की बारीक ओरखडे उठतात. लाइट बंद असताना दिसत नाहीत, खिडकीतून ऊन आलं की सगळे दिसतात. तुमच्या २ मिमीला बिनवाळूचंच.

आणि गडद ग्राउट फिक्या पॉलिश टाइलवर लावणार असाल तर आधी उरलेल्या टाइलच्या तुकड्यावर लावून बघा. पॉलिश केलेल्या व्हिट्रिफाइडला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, त्यात काळा रंग जाऊन बसतो. कंपनीतून येणारा मेणाचा थर म्हणूनच भरण्याआधी काढायचा नाही.

जास्वंदी

बापरे, आम्ही आयव्हरीवर चॉकलेटी रेषा काढणार होतो. तुकड्यावर बघते आधी.

मुख्य प्रश्न राहिलाच. ॲसिड मारू द्यायचं की नाही? मिस्त्री म्हणतात, पाणी घालून मारलं तर काही होत नाही.

पिपेट

शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून राहवत नाही.

दुकानात सुट्ट्या बाटलीत मिळणारं टाइल ॲसिड म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरिक. टॉयलेट साफ करायच्या अनेक निळ्या द्रावणांतही तेच असतं, पातळ करून. पांढरा थर म्हणजे सिमेंट, सिमेंटमध्ये चुना, ॲसिड चुना विरघळवतं. इथवर मिस्त्री बरोबर आहेत. पण सांधासुद्धा सिमेंटचाच आहे. ॲसिडला थर कुठला आणि सांधा कुठला हे कळत नाही. वरून फेसाळलं की लोक म्हणतात, "बघा, घाण निघतेय." निघतोय तो सांधा.

त्याच्या वाफा आणखी त्रासदायक. बंद बाथरूममध्ये स्टीलची जाळी, बिजागऱ्या, नळांचं क्रोम सगळ्यांवर बसतात आणि काही दिवसांनी गंज दिसायला लागतो. जास्वंदींनी शेजारच्या विंगमध्ये पाहिलं ते हेच. पाणी घालून मारल्याने वेग कमी होतो, स्वभाव बदलत नाही.

कोटा, शहाबाद, मार्बल, मोझेक यांच्या जवळपासही कुठलंच ॲसिड नको. लिंबू नको, व्हिनेगर नको. तेही चुन्याचेच दगड, पॉलिश जाऊन चट्टे पडतात. दाराचा उंबरा मार्बलचा असतो आणि त्याचा सगळ्यांना विसर पडतो.

थर खरंच राहिलाच, तर सल्फॅमिक ॲसिडचा क्लीनर मिळतो. पावडर स्वरूपातही येतो, सौम्य आहे, वाफा सोडत नाही. सांधे नीट पिकू द्या, म्हणजे काही दिवस थांबा. मग आधी सगळी फरशी साध्या पाण्याने भिजवा, म्हणजे सांधे पाणी पिऊन घेतील आणि ॲसिड आत जाणार नाही. डब्यावर लिहिलंय तितकंच पातळ करा, पांढऱ्या नायलॉन पॅडने हलकं घासा, लगेच भरपूर पाण्याने धुवा, वायपरने ओढून घ्या. कोपऱ्यात एका टाइलवर आधी करून बघा. हे फक्त सिमेंट ग्राउटसाठी.

आणि हात जोडून सांगतो, ॲसिडनंतर "जरा वास यावा" म्हणून ब्लीच ओतू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो थट्टेचा विषय नाही.

टोमणेसम्राट

इथे मीही थट्टा करत नाही. शंभर टक्के अनुमोदन.

उंबरठा

अवांतर: आमच्याकडे लाकडाचा भुसा टाकून पुसायचे. त्याचं काय?

मिस्त्रीचापोर

चालतो, आणि चांगला चालतो. सांधा स्पंजने पुसून झाला की हलका कोरडा भुसा पसरायचा, गोणपाटाने गोल गोल घासायचं, टाइलवरची उरलेली भुकटी तो उचलून घेतो. पण कोरडाच हवा. ओला सागवानी भुसा फिक्या सांध्यावर राहिला तर तपकिरी डाग देतो. आणि इपॉक्सीवर अजिबात नाही, चिकटून बसतो.

पारंबी

इपॉक्सी पुसण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण तिथे सिमेंटचे नियम चालत नाहीत.

थापी वेगळी लागते, कडक रबराची. सिमेंटची मऊ थापी इपॉक्सीत वाकते. जादा माल थापीने जवळजवळ पूर्ण ओढून घ्यायचा. मग बादलीत कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब. काही कंपन्या व्हिनेगर घालायला सांगतात, डब्यावर बघा. पांढरं पॅड त्यात भिजवून टाइलवर पाणी शिंपडायचं आणि अगदी हलक्या हाताने गोल फिरवायचं. चिकट थर पाण्यात सुटतो, फेस आल्यासारखा दिसतो. तो स्पंजने तिरपं ओढून उचलायचा. दाबायचं नाही. मग पाणी बदलून पुन्हा एकदा. हिरवं घासणं वापरू नका, ग्लॉसीवर चरे पडतात. तारेची घासणी तर नकोच, तिचे बारीक तुकडे सांध्यात राहतात आणि गंजतात.

मग रात्री जायच्या आधी मोबाइलचा टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरा. वरून लाइट मारला तर काही दिसत नाही. आडव्या उजेडात थर लख्ख दिसतो, अगदी बोटांच्या ठशांसकट. जिथे दिसेल तिथे तेव्हाच पुसा. दुसऱ्या दिवशीपर्यंत साबणपाण्याने जरा तरी ऐकतं. पूर्ण वाळल्यावर मग इपॉक्सीसाठीचा वेगळा रिमूव्हर आणावा लागतो, तो महाग आणि उग्र. सल्फॅमिक, हायड्रोक्लोरिक, काहीही ओता, इपॉक्सी हसतं.

नायट्राइलचे हातमोजे घाला आणि घालायला लावा. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा लागली की प्रत्येक वेळी पुरळ उठतं. सिमेंटनेही हात फाटतातच.

जास्वंदी

हॉल सिमेंट आणि बाथरूम इपॉक्सी असं ठरवतेय. पण इपॉक्सीचा दर ऐकून डोळे पांढरे झाले. किती लागेल याचा काही अंदाज?

ओळंबा

साधं गणित आहे. टाइलची (लांबी + रुंदी) भागिले (लांबी × रुंदी), त्याला सांध्याच्या खोलीने आणि रुंदीने गुणा, सगळं मिमीमध्ये, मग १.६ ने गुणा. उत्तर किलो प्रति चौरस मीटर.

तुमची १ बाय १ ची टाइल, म्हणजे ३०० बाय ३०० मिमी, जाडी ८ धरू, सांधा ३. येतं ०.२५६. बाथरूम ४० चौरस फूट असेल तर ३.७ चौरस मीटर, म्हणजे ९५० ग्रॅम. वाया जाणारं धरलं की एक किलो काठावर येतं, दोन छोटे डबे घ्या. एका वेळी एकच डबा फोडायचा, तेही सोयीचं पडतं.

हॉलचं बघा. ६०० बाय १२००, जाडी ९, सांधा २. येतं ०.०७२. दोनशे फुटांना सव्वा-दीड किलोच्या आत काम होतं. मोठी टाइल, बारीक सांधा, त्यामुळे माल फारच कमी लागतो. म्हणून म्हणतो, पावडरमध्ये पैसे वाचवायला जागाच नाही, तिथे व्हाइट सिमेंट आणू नका. चांगलं पॉलिमरवालं ग्राउट घ्या.

मेपलपान

आणि भिंत जिथे फरशीला भेटते तो कोपरा, भिंती-भिंतींचे उभे कोपरे, कमोडचा घेर, ओट्याच्या मागची टाइल ओट्याला टेकते ती रेघ. इथे ग्राउट भरायचंच नाही, सिमेंटही नाही, इपॉक्सीही नाही. दोन वेगळ्या पृष्ठभागांची हालचाल होते आणि कडक माल तिथेच फाटतो. सांधा रिकामा ठेवून बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरा, ग्राउटच्या रंगाचा मिळतो. दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप, गनने एकसलग रेघ, साबणपाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच फिरवायचं, आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप ओढायची. सगळं कोरडं असताना करा. ओल्या सांध्यावर सिलिकॉन नुसतं वर बसतं आणि पुढे सोलून निघतं.

उंबरठा

माझ्या जुन्या बाथरूमचे काळे पडलेले सांधे काढायचे असतील तर?

ओळंबा

नवा धागा काढा म्हणणार होतो, पण थोडक्यात सांगतो. कार्बाइडची दातेरी करवत मिळते, हाताने चालवायची. वेळ खाते पण टाइल वाचते. जास्त असेल तर थरथरणाऱ्या मल्टिटूलला कार्बाइड पातं लावून. चार इंची ग्राइंडर ३ मिमीच्या सांध्यात घालणारा कुणी म्हणाला की "मला सवय आहे", तर त्याला चहा पाजून परत पाठवा. धुळीत सिलिका असते, एन ९५ मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा.

जास्वंदी

अपडेट. मिस्त्रींशी सांध्यांचा वेगळा रेट ठरला. आधी "एवढं काय त्यात" म्हणाले, मग आकडा ऐकून बिगाऱ्याला सुट्टीच दिली. हॉल झाला. त्यांनी थापी हातात घेतली आणि "ही चांगली आहे, संपल्यावर देता का" विचारलं. चॉकलेटी रंग तुकड्यावर पसरून बघितला, पुसूनही टाइलवर करडी छटा राहिली, म्हणून मग बेज घेतला. थर जवळजवळ नाहीच. खिडकीजवळ दोन टाइल्सवर होता, तो काही तासांनी कोरड्या मायक्रोफायबरने गेला. ॲसिडची बाटली दुकानात परत केली.

बाथरूम या आठवड्यात. हॉलच्या सिमेंट सांध्यांना आता पाणी मारायचं का? आणि उरलेल्या पावडरचं काय करू?

ओळंबा

नाशकात हवा कोरडी असेल तर दोन-तीन दिवस ओल्या फडक्याने सांधे दमट ठेवा, पाण्याचं तळं करू नका. फर्निचर त्यानंतर सरकवा. सीलर मारणार असाल तर सांधा पूर्ण कोरडा झाल्यावर, ब्रशने फक्त सांध्यावर, टाइलवर सांडलेला लगेच पुसायचा.

उरलेली पावडर बरणीत हवाबंद ठेवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाकिटाचा शेड नंबर आणि लॉट नंबर यांचा फोटो काढून ठेवा. एकाच शेडच्या दोन लॉटमध्ये फरक पडतो, आणि पुढे एखादी टाइल बदलावी लागली की दुकानदार पहिला प्रश्न तोच विचारतो.

मिस्त्रीचापोर

आणि थापी देऊन टाका त्यांना, ताई.